प्लँटिंग प्लॅन साइटवर वाचताच येत नाही, दर पावसाळ्यात तेच! आम्ही फाइलमध्ये काय काय बदललं

मे संपत आला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. आम्ही गोव्यात बागांचं डिझाइन करतो, आमचं ऑफिस पर्वरीला, साइट कधी आसगावला, कधी फोंड्याच्या बाजूला, कधी पार काणकोणात, कॉन्ट्रॅक्टर वेगळा, माळी वेगळे, पण फोनवरचं वाक्य तेच असतं. "बाय, हांगा कितें लावपाचें?" (इथे काय लावायचं?) मग मी स्क्रीनवर प्लँटिंग प्लॅन, म्हणजे कुठलं झाड कुठे लावायचं त्याचा नकाशा, उघडते, तो सांगतो गेटच्या डाव्या हाताला, मी म्हणते तिथे सात इक्झोराची झुडपं आहेत, तो म्हणतो इथे तर बारीक बारीक पंधरा-वीस दिसतात, आणि दहा मिनिटं घासाघीस झाल्यावर कळतं की तो जे मोजतोय ती वरच्या आंब्याच्या सिंबॉलमधली पानं आहेत. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण लागोपाठ चार-पाच कामांवर हेच झालं तेव्हा आम्ही सगळं बाजूला ठेवून ड्रॉइंगच तपासायला घेतलं.

आधी हे बघा की हा कागद वाचतो कोण. सुपरवायझर कोकणी बोलणारा, खड्डे मारणारी मुलं बहुतेक कर्नाटक, ओडिशा नाहीतर झारखंडची, त्यातल्या काहींना देवनागरी येते, काहींना नाही, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मात्र जवळपास सगळ्यांना ओळखता येतात. कागद असतो ए-थ्री, काळा-पांढरा, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला, पावसात अर्धा भिजलेला. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ, पाच-सहा इंची स्क्रीनवर, ओल्या बोटांनी झूम करत. आणि आपण त्यांना काय देतो, तर क्लायंटला दाखवायला केलेला रंगीत प्लॅन, पाना-पानांचे सिंबॉल, सावल्या, लॉनचं टेक्स्चर, प्रत्येक झाडाला वेगळा लीडर, म्हणजे नावापासून झाडापर्यंत जाणारा बाण. क्लायंटसाठी तो प्लॅन बरोबरच आहे, त्याला बाग भरलेली दिसायला हवी. कॉन्ट्रॅक्टरला फक्त तीनच गोष्टी हव्यात, कुठलं झाड, कुठे, किती. बाकी सगळं त्याच्या वाटेत येतं.

माझं ठाम मत आहे की दोघांना वेगळं शीट द्यायचं पण फाइल एकच ठेवायची. आम्ही आधी फाइलची कॉपी करून "कॉन्ट्रॅक्टर सेट" वेगळा करायचो, आणि क्लायंटने दोन चाफे हलवले की एका फाइलमध्ये हलायचे, दुसरीत तसेच राहायचे, मग साइटवर जुन्या जागी खड्डे. तेव्हा कॉपी नको. एकाच मॉडेलमधून, म्हणजे मूळ ड्रॉइंगमधून, दोन लेआउट (छापायची शीट) काढायचे, ते कसं ते खाली लिहिलंय. मी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काम करते म्हणून शब्द त्यातले आहेत.

सगळ्यात आधी कागदाचं, कारण निम्मा त्रास तिथेच होता आणि आमच्या लक्षातच येत नव्हता. आम्ही शीट ए-वनवर १:१०० ला लावायचो, अक्षर २.५ मिमी. ऑफिसच्या प्लॉटरवर सुरेख दिसायचं. साइटवर ए-वन कोण नेणार, कॉन्ट्रॅक्टर म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जातो तेव्हा तिथल्याच झेरॉक्सवाल्याला पीडीएफ पाठवतो आणि तो पानात बसवून ए-थ्री काढून देतो. ए-वन म्हणजे ८४१ × ५९४ मिमी आणि ए-थ्री ४२० × २९७, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही अर्धी. १:१०० चं झालं १:२००, अक्षर झालं १.२५ मिमी, आणि टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, मात्र अजून १:१०० च लिहिलेलं. सुपरवायझर स्केलपट्टी लावतो आणि २ मीटरचं अंतर १ मीटर वाचतो. आमच्या एका साइटवर कुंपणालगतची पूर्ण ओळ अशीच भिंतीला चिकटून लागली होती, पोफळी होत्या, १ मीटरवर, सगळ्या काढून परत लावाव्या लागल्या आणि त्यातल्या काही जगल्या नाहीत.

त्यामुळे आता कॉन्ट्रॅक्टरचा सेट पहिल्यापासून ए-थ्रीवरच लावतो. १:१०० ला ए-थ्रीमध्ये समास सोडून साधारण ३८ × २५ मीटरचा तुकडा बसतो, प्लॉट मोठा असेल तर दोन-तीन शीट होतात, मॅच लाइन (एक शीट दुसऱ्याला कुठे जुळतं ती रेषा) टाकायची आणि कोपऱ्यात छोटा की-प्लॅन द्यायचा म्हणजे आपण कुठल्या तुकड्यात आहोत ते कळतं. शीट वाढतात म्हणून काही जण नाखूश असतात, पण तीन वाचता येणारी शीट एका न वाचता येणाऱ्या शीटपेक्षा कधीही बरी. झाडांच्या नावाऐवजी लिहितो त्या कोडचं अक्षर छापल्यावर ३.५ मिमी, बाकी काहीही ३ मिमीच्या खाली नाही. आणि ग्राफिक स्केल, म्हणजे पट्टी, नक्की टाका, कारण प्रिंट लहान-मोठी झाली तर पट्टीपण तेवढीच लहान-मोठी होते, लिहिलेला आकडा होत नाही.

आता ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचा तयार सिंबॉल. नेटवरून उतरवलेल्या झाडांच्या ब्लॉकमध्ये शेकडो रेषा असतात, आत हॅच (रेषा-ठिपक्यांचं भरण), आत दुसरे ब्लॉक, प्रत्येक रेषेला स्वतःचा रंग चिकटवलेला. एक माड असा असतो आणि आपण चाळीस माड टाकतो, फाइल जड होते, पीडीएफ ४० एमबीची होते आणि फोनवर उघडतच नाही. यावर आम्ही जे केलं ते असं. प्रत्येक झाडाचा ब्लॉक एडिटरमध्ये उघडला (बीएडिट), त्यातल्या पानांच्या सगळ्या रेषा एका लेयरवर (हवी तेव्हा दाखवता-लपवता येणाऱ्या थरावर) नेल्या, समजा "प्लँट-शो", आणि त्याच ब्लॉकमध्ये एक साधं वर्तुळ आणि मध्ये छोटी फुली काढून ते "प्लँट-साइट" लेयरवर ठेवलं. एकच ब्लॉक, पोटात दोन चेहरे. क्लायंटच्या लेआउटमधल्या व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवरची ड्रॉइंग दाखवणारी खिडकी) "साइट" फ्रीझ, म्हणजे लपवलेलं, कॉन्ट्रॅक्टरच्या व्ह्यूपोर्टमध्ये "शो" फ्रीझ. लेयर मॅनेजरमध्ये साधं फ्रीझ दाबू नका, व्हीपी फ्रीझचा वेगळा कॉलम आहे तो वापरा, नाहीतर दोन्हीकडून जाईल. झाड एकदा हलवलं की दोन्ही शीटवर हललं.

इथे एक अडचण हमखास येते आणि आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. "शो" फ्रीझ केलं आणि सगळं झाडच गायब झालं, वर्तुळपण गेलं! कारण ब्लॉक ड्रॉइंगमध्ये इन्सर्ट करताना, म्हणजे टाकताना, तो "शो" लेयरवरच इन्सर्ट झालेला असतो. ब्लॉक ज्या लेयरवर बसलाय ती लेयर फ्रीझ झाली की आत काहीही असो, अख्खा ब्लॉक दिसेनासा होतो. तेव्हा सगळे प्लँट ब्लॉक एका तिसऱ्याच लेयरवर ठेवा, जी कधीच फ्रीझ करायची नाही. दुसरं, ब्लॉकच्या आतली वस्तू लेयर ० वर असेल तर ती इन्सर्टच्या लेयरसारखी वागते, म्हणून आत ० वर काही ठेवू नका, नाहीतर एखादी रेषा दोन्ही शीटवर दिसत राहते आणि तास गेला तरी कारण सापडत नाही.

बेस पॉइंटकडे, म्हणजे ब्लॉक ज्या बिंदूला धरून बसतो त्याकडे, फार लक्ष द्या. जुन्या ब्लॉकचा बेस पॉइंट बरेचदा पानांच्या कडेला कुठेतरी असतो, बुंध्यावर नसतो. आपण नवीन वर्तुळ मनाने मध्यभागी काढलं तर ज्या अंतराला डिझाइन केलं ती अंतरं खरी राहतात की सरकतात ते एकदा डायमेन्शन टाकून बघा. फुलीचा मध्य म्हणजे खुंटी मारायची जागा, तो मिलिमीटरमध्ये बरोबर पाहिजे, बाकी वर्तुळाचं रूप कसंही असू दे.

वर्तुळ किती मोठं काढायचं यावर आमच्यात वाद झाला होता. क्लायंटच्या प्लॅनवर माडाचा घेर सात-आठ मीटर दाखवतात, वाढल्यावर तो होतोच. पण लावताना ते रोप असतं, आणि सात मीटरचं वर्तुळ खालच्या सगळ्या झुडपांवर पसरतं. मी साइटच्या शीटवर झाडाला एक ठरावीक लहान वर्तुळ देते, १ मीटर व्यासाचं, म्हणजे साधारण खड्ड्याएवढं, कारण मोठ्या झाडांना खड्डा आम्ही १ × १ × १ मीटरच सांगतो. बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे एवढं खणायचं. वाढीव घेर अगदी हवाच असेल तर बारीक तुटक रेषेने, तोही फक्त भिंत किंवा विजेच्या तारा जवळ असतील तिथे.

यात एक गोष्ट सांभाळा, बरेच जण एकच ब्लॉक स्केल करून लहान-मोठी झाडं दाखवतात. मग आतलं वर्तुळपण स्केल होतं, आणि ब्लॉकमध्ये नाव लिहिलेलं असेल तर अक्षरंपण. म्हणून नाव ब्लॉकमध्ये नको, आणि स्केल १ च ठेवायचा, वेगळ्या आकाराला वेगळा ब्लॉक.

लीडर! माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ लीडरमुळे होतो. पस्तीस झुडपांना पस्तीस बाण, एकमेकांना छेदून जाणारे, कुठला कुणाचा कळत नाही. आता आम्ही एका जातीच्या गटातली सगळी केंद्रं एका बारीक रेषेने जोडतो, मण्यांच्या माळेसारखी, आणि माळेच्या एका टोकाला एकच टॅग. टॅगमध्ये कोड आणि संख्या, एस-४ / ७, म्हणजे झुडूप क्रमांक ४, या माळेत सात. झाडांना टी, ताड-माडांना पी, झुडपांना एस, जमिनीलगतच्या रोपांना जी. कोड इंग्रजी अक्षरातच लिहितो, वर सांगितलं त्या कारणाने. सगळे टॅग शक्यतो एकाच दिशेला, ४५ अंशात, रस्त्यावर किंवा लॉनवर म्हणजे रिकाम्या जागेत येतील असे. माळेची रेषा झाडांच्या वर्तुळापेक्षा बारीक पाहिजे, आम्ही वर्तुळाला ०.३५ आणि माळेला ०.१३ मिमी ठेवतो.

सुपरवायझरला हे पहिल्यांदा दिलं तेव्हा त्याने काय केलं, तर खुंट्यांवर ऑइलपेंटने तेच कोड रंगवून घेतले. मग मुलांना कागद बघायची गरजच उरली नाही, खुंटीवर एस-४ आणि नर्सरीतून आलेल्या पिशव्यांच्या गठ्ठ्यावर एस-४. ही कल्पना त्याची, आमची नव्हे, आता आम्ही ती नोटमध्येच लिहितो.

प्रिंटिंगच्या तक्रारी आता भराभर सांगते कारण या प्रत्येकाला येतात. मोनोक्रोम सीटीबी (सगळं काळं छापायला सांगणारी प्लॉटची फाइल) लावूनही काही पानं हिरवी किंवा फिकट राखाडी येतात, त्या वस्तूंना ट्रू कलर दिलेला असतो, सीटीबी फक्त इंडेक्स रंगांवर, म्हणजे ऑटोकॅडच्या क्रमांकाच्या रंगांवर, चालते. सेटबायलेयर कमांड चालवा आणि ब्लॉक धरू का असं विचारेल तेव्हा हो म्हणा, रंग लेयरवर येतील, मग लेयरला इंडेक्स रंग द्या. हॅचला ट्रान्सपरन्सी दिलीय आणि स्क्रीनवर छान आरपार दिसतंय पण प्रिंटमध्ये गच्च काळा ठोकळा येतो, म्हणजे प्लॉटच्या खिडकीत प्लॉट ट्रान्सपरन्सी टिक केलेली नाही. पण माझं ऐका, साइटच्या शीटवर ट्रान्सपरन्सी ठेवूच नका, ती टिक केली की पीडीएफ जड होते आणि झेरॉक्सवाल्याकडे परत तोच काळा ठोकळा येऊ शकतो. अक्षरांवर हॅच चढली असेल तर हॅचटूबॅक कमांड. वाइपआउटच्या (मागचं झाकायला टाकलेल्या कोऱ्या तुकड्याच्या) चौकटी छापल्या जात असतील तर वाइपआउटफ्रेम ० नाहीतर २, २ ठेवलं तर स्क्रीनवर दिसतात पण छापल्या जात नाहीत, काम करताना ते सोयीचं. पीडीएफमध्ये अक्षरांवर बोट ठेवलं की कमेंटचे चौकोन उघडतात, फोनवर याचा भयंकर त्रास होतो, ते ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमुळे, पीडीएफएसएचएक्स ० करा किंवा सरळ ट्रूटाइप फॉन्ट वापरा.

झुडपांच्या आणि ग्राउंडकव्हरच्या वाफ्यांना आधी आम्ही प्रत्येक जातीला वेगळी हॅच द्यायचो, आठ जाती, आठ हॅच, खाली लेजंड. लहान प्रिंटमध्ये ठिपके आणि तिरप्या रेषा सारख्याच दिसतात. हॅच पूर्ण काढून टाकली. वाफ्याची जाड बाहेरची रेषा आणि मध्ये कोड, क्षेत्रफळ, अंतर, संख्या, बस. फक्त दोन वाफे चिकटून असतील तर एकाला हलकी हॅच.

आता संख्येचं, कारण इथे पैशाचा प्रश्न येतो. आमच्या एका कामात रोइओ या जमिनीलगतच्या रोपाचा वाफा ४२ चौरस मीटर होता, ३० सेंमी अंतर लिहिलं होतं, यादीत ४६७ रोपं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ५४० लागतील, आम्हाला वाटलं वाढवून सांगतोय, त्याला वाटलं आम्ही कापतोय, दोन दिवस कटकट. दोघंही बरोबर होतो. आम्ही चौकोनी मांडणी धरली होती, ३० सेंमीला चौरस मीटरमध्ये ११.१ रोपं. माळी नेहमीप्रमाणे एक ओळ सोडून मध्ये, म्हणजे त्रिकोणी लावतात, त्यात तेवढ्याच अंतराला १२.८ बसतात, सुमारे १५ टक्के जास्त. तेव्हापासून टॅगमध्ये अंतरासोबत मांडणीची छोटी खूण टाकतो, चौकोन किंवा त्रिकोण, आणि यादीतली संख्या त्याच हिशोबाने. त्रिकोणी मांडणीचे आकडे लागले तर हे घ्या: २० सेंमीला २८.९, ३० ला १२.८, ४५ ला ५.७, ६० ला ३.२ प्रति चौरस मीटर. वाफ्याच्या कडेला थोडं कमी-जास्त होतंच, ते साइटवर सुटतं.

क्षेत्रफळ हाताने टाइप करू नका, फील्ड (आपोआप बदलणारा आकडा) टाका, वाफ्याच्या बाहेरच्या पॉलीलाइनशी जोडलेलं, आकार बदलला की रीजेन करून ड्रॉइंग ताजं केल्यावर आकडा बदलतो. ड्रॉइंग मिमीमध्ये असेल तर रूपांतराचा गुणक ०.०००००१ द्यावा लागतो, तो विसरलात तर ४,२०,००,००० असा आकडा येतो. हॅचचं क्षेत्रफळच दिसत नसेल तर तिची कड स्वतःलाच कुठेतरी कापून गेलेली आहे, शोधून सरळ करा.

झाडं मोजायला डेटाएक्स्ट्रॅक्शन कमांड आहे, २०२२ पासूनच्या ऑटोकॅडमध्ये काउंटपण आहे. प्लॅनवर ३५ दिसतात आणि टेबलमध्ये ३७ येतात तेव्हा दोन झाडं एकावर एक बसलेली असतात, कॉपी करताना चुकून एंटर दोनदा पडलेला असतो. ओव्हरकिल चालवा, अगदी तंतोतंत एकावर एक असलेली निघून जातात. थोडी सरकलेली असतील तर जात नाहीत, ती काउंटमध्ये एकेक करून बघावी लागतात. आणि टॅगमधल्या संख्यांची बेरीज टेबलशी जुळते का हे कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बघायलाच हवं, आमच्याकडे हे काम ज्याने ड्रॉइंग काढलं नाही त्याला देतो.

यादीबद्दल. क्लायंटच्या यादीत फुलाचा रंग, बहर, पाण्याची गरज, वाढीव उंची, सगळं असतं. साइटच्या यादीत कोड, इथलं चालू नाव, शास्त्रीय नाव, आणताना उंची, पिशवीचा आकार, अंतर, संख्या. याच क्रमाने. पिशवीचा आकार लिहिलाच पाहिजे, १२ × १२ इंची की २१ × २१ इंची, कारण "मोठं रोप" याचा अर्थ प्रत्येक नर्सरीत वेगळा.

नाव दोन्ही का, तर नुसत्या चालू नावाने आमचं नुकसान झालंय. यादीत फक्त "अशोक" लिहिलं होतं, डिझाइनमध्ये होता सीताअशोक, साराका असोका, केशरी फुलांचा, सावलीत वाढणारा. साइटवर आले उंच सरळसोट आसुपालव, पॉलिअल्थिया, कारण नर्सरीत अशोक म्हटलं की तेच देतात. चाफ्याचं तर विचारूच नका, सोनचाफा, नागचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, देवचाफा, पाचही वेगळी झाडं, वेगळ्या कुळांतलीसुद्धा. देवचाफा म्हणजे प्लुमेरिया म्हटलं तरी ऑब्ट्यूसा की रुब्रा हे लिहा, ऑब्ट्यूसाची पानं टोकाला गोल आणि वर्षभर बऱ्यापैकी टिकतात, रुब्रा पानं गाळून उभा राहतो, आणि क्लायंटला दारात उघड्या फांद्या नको असतात. शास्त्रीय नाव नवीन झालं असेल तर जुनंपण राहू द्या, नर्सरीवाला अजून मिशेलिया चंपाका आणि सान्सेव्हिएरियाच म्हणतो, मॅग्नोलिया आणि ड्रॅसिना म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर दुसरंच रोप येतं. इथली नावं, ओंवळ, सुरंग, भिरंड, ही लिहिली की सुपरवायझर स्वतःच सांगतो, बाय हें आमच्या भाटांत आसा, हांव हाडटां (हे आमच्या बागेत आहे, मी आणतो). बकुळ आणि कोकम लिहून तेवढं पटकन पोचत नाही.

थरांचं मी आधीच लिहायला हवं होतं. गोव्यात निम्म्या लोकांना कुळागरासारखी बाग हवी असते, वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरी, मध्ये केळी, खाली अननस. एकाच जागेवर पाच थर. हे एका शीटवर दाखवायचा प्रयत्न आम्ही दोन वर्षं केला, सिंबॉल साधे केले, रेषा बारीक केल्या, नाहीच जमलं, आणि जमणारही नाही. तीन शीट करा, झाडं आणि माड, झुडपं, जमिनीलगतचं आणि लॉन. खालच्या शीटवर वरचा थर फक्त फिकट फुलीने दाखवायचा, टॅग नाही. कामाचा क्रमही तसाच असतो, मृगाच्या आधी खड्डे, जांभ्यात ब्रेकर लावून, पहिल्या पावसानंतर झाडं, मग झुडपं, लॉन पाऊस ओसरल्यावर आणि चवथीची सुट्टी संपून माणसं परत आल्यावर. ज्या वेळी जे काम त्या वेळी तेवढंच शीट हातात. लेयर स्टेट, म्हणजे कुठल्या लेयर दिसणार त्याच्या जोड्या, करून ठेवल्या की तीन शीट काढायला वेगळी मेहनत नाही.

झाडांच्या शीटवर सेप्टिक टँक, सोकपिट, विहीर, पाण्याच्या आणि विजेच्या लाइन बारीक रेषेत ठेवा, झुडपांच्या शीटवर नकोत. आणि जांभा लागला तर काय करायचं ते त्या शीटवरच लिहा, आम्ही "कातळ लागल्यास ५०० मिमीपर्यंत सरकवा, भिंतीकडे नाही" असं लिहितो. नाहीतर सुपरवायझर सरकवणारच, फक्त कुठे ते आपल्याला कळणार नाही.

अंतरं घराच्या कोपऱ्यापासून द्या. प्लॉटच्या हद्दीपासून नको, चिऱ्यांचं कुंपण कागदावर सरळ असतं आणि जागेवर नसतं. वळणाच्या वाफ्याला त्रिज्या लिहून काही उपयोग नाही, कुणी कंपास लावत नाही. एक सरळ दोरी धरून दर मीटरला किती बाहेर ते आकडे द्या, चुन्याने वळण बरोबर पडतं.

आधीपासून असलेली झाडं. ही चूक आमच्या हातून झालेली आहे आणि ती मला अजून लागते. जुनी आणि नवीन झाडं एकाच वर्तुळाने दाखवली होती, फरक फक्त रंगाचा, प्रिंट काळी-पांढरी. एका जुन्या फणसाचं केंद्र सर्व्हेत दीड मीटर सरकलेलं होतं, मुलांना वाटलं तिथे नवीन झाड आहे, त्यांनी बुंध्याजवळ खड्डा मारायला घेतला आणि मोठी मुळं तुटली. आता जुन्या झाडाला भरीव काळा ठिपका आणि बाहेर दुहेरी वर्तुळ, जवळ खोडाचा घेर लिहिलेला, आणि त्याच्याभोवती "खणू नये" असा तुटक घेर. तोडायचं झाड असेल तर त्यावर मोठी फुली आणि परवानगीचा नंबर, गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे ट्री ऑफिसरची परवानगी लागते, ती हातात येईपर्यंत ते झाड साइटच्या शीटवर जुनं म्हणूनच राहतं, फुली टाकायचीच नाही.

व्हेक्टरवर्क्स लँडमार्क वापरत असाल तर यातलं बरंच सोपं आहे, प्लँट टूलमध्ये एकाच ऑब्जेक्टमध्ये अनेक रोपं टाकता येतात, त्रिकोणी मांडणीसुद्धा, टॅग एकच येतो आणि संख्या आपोआप, शिवाय व्ह्यूपोर्टला क्लास ओव्हरराइड देऊन दोन चेहरे होतात. स्केचअपवाल्यांनी कंपोनंटमध्ये सपाट वर्तुळ वेगळ्या टॅगवर (तिथे लेयरला टॅग म्हणतात) ठेवून दोन सीन करावेत.

शेवटचं, रिव्हिजन. व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी पीडीएफ वर येते आणि त्यावरच काम होतं, हे थांबवता येत नाही. म्हणून रिव्हिजनचा आकडा टायटल ब्लॉकमध्ये लपवू नका, शीटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात १० मिमी अक्षरात, तारखेसकट, फोनवर झूम न करता दिसेल असा. रेव्हक्लाउड, म्हणजे बदलाभोवतीचा ढग, फक्त ताज्या बदलाला, आधीचे ढग काढून टाका. फाइलच्या नावातपण तोच आकडा. आणि फोन आला की पहिला प्रश्न मी आता हाच विचारते, कोपऱ्यात कितवा नंबर आहे.